रेकॉर्ड पूलची वर्गणी कशासाठी भरावी?

प्रश्न : मी गेली काही वर्षे डीजे म्हणून काम करतो. दर शनिवारी एका क्लबमध्ये वाजवतो. मधल्या दिवसांत लग्ने आणि कंपन्यांचे कार्यक्रम असतात. आजवर प्रत्येक गाणे विकत घेत आलो, पण हा खर्च आता झेपत नाही आणि नवे गाणे माझ्या हाती येईपर्यंत ते सगळीकडे वाजून जुने झालेले असते. माझा एक सहकारी एका रेकॉर्ड पूलचा, म्हणजे वर्गणी घेऊन डीजेंना नवी गाणी पुरवणाऱ्या सेवेचा, सभासद आहे. अर्धी वर्गणी तू भर, दोघे मिळून एकच खाते वापरू, असे तो म्हणतो. पूलमधून घेतलेली गाणी वाजवणे कायदेशीर असते का? पूल निवडावा कसा? आणि नावाजलेल्या डीजेंकडे गाणी प्रकाशनाच्या आधीच कशी पोहोचतात? मी अनेक लेबलांना, म्हणजे संगीत प्रकाशित करणाऱ्या कंपन्यांना, ईमेल पाठवले, एकाचेही उत्तर आले नाही.

उत्तर : तुमचे प्रश्न वरवर वेगवेगळे दिसत असले, तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : विकण्यासाठी तयार केलेले संगीत लेबले काही मोजक्या लोकांना फुकट किंवा नाममात्र वर्गणीत का देतात? तेवढे समजून घेतले, की सहकाऱ्याच्या प्रस्तावाचे काय करावे आणि ईमेलना उत्तरे का आली नाहीत, याचा उलगडा बराचसा आपोआप होईल. म्हणून सुरुवात थोडी मागून करतो.

१९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये वाजवणारे डीजे नव्या तबकड्या मिळवण्यासाठी लेबलांच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवत असत. लेबलांचे प्रसिद्धी विभाग रेडिओसाठी उभारलेले होते. दारात आलेला माणूस खरोखर क्लबमध्ये वाजवतो, की त्याला फुकटच्या तबकड्या हव्या आहेत, हे ओळखण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते. दुसरीकडे, क्लब एखादे गाणे उचलून धरू शकतात हेही त्यांना दिसू लागले होते. कॅमेरूनचे संगीतकार मनू दिबांगो यांचे 'सोल माकोसा' हे गाणे न्यूयॉर्कचे डीजे डेव्हिड मॅनकुसो यांच्या 'द लॉफ्ट' या घरातील पार्ट्यांतून आधी लोकांच्या कानी पडले आणि मग १९७३ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत जाऊन बसले. ही कोंडी फोडण्यासाठी मॅनकुसो, स्टीव्ह डी'अक्विस्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये 'न्यूयॉर्क रेकॉर्ड पूल' सुरू केला. रचना अगदी सरळ होती. सभासद खरोखर काम करणारा डीजे आहे याची खात्री पूलने करायची, लेबलाने तबकड्यांचा गठ्ठा एकाच जागी पोहोचवायचा, आणि सभासदाने त्या वाजवून प्रत्येकीबद्दल लेखी अभिप्राय द्यायचा. लेबलाची शंभर ठिकाणची धावपळ वाचली, डीजेंची वणवण थांबली, आणि कोणत्या गाण्यावर पावले थिरकतात हे बाजारात पैसे घालण्याआधी लेबलाला कळू लागले. थोड्याच वर्षांत अमेरिकेच्या इतर शहरांतही असे पूल उभे राहिले. याच पहिल्या पूलमध्ये काम केलेल्या जूडी वाइनस्टाइन यांनी पुढे 'फॉर द रेकॉर्ड' हा स्वतःचा पूल काढला.

मराठी नियतकालिकांकडे प्रकाशक अभिप्रायार्थ पुस्तके पाठवतात आणि संपादक 'साभार पोच' म्हणून त्यांची नोंद छापतात, तसाच हा व्यवहार आहे. पुस्तकाची प्रत फुकट येते, पण ती कोणाला दिली आणि कशासाठी दिली हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. प्रोमो म्हणून, म्हणजे प्रसिद्धीसाठी फुकट, मिळालेल्या गाण्याची किंमत शून्य नसते. ती वाजवण्याच्या आणि अभिप्रायाच्या रूपाने चुकती करायची असते.

पुढे माध्यमे बदलत गेली. ब्रिटनमध्ये १९८३ साली सुरू झालेल्या डीएमसीने (डिस्को मिक्स क्लब) केवळ डीजे सभासदांसाठी खास मिक्स, म्हणजे एकमेकांत गुंफलेली गाणी, तयार करून पाठवण्याची प्रथा रुजवली, तर अमेरिकेत १९९२ पासून 'प्रोमो ओन्ली'ने संगीतप्रकारानुसार सीडी पाठवायला सुरुवात केली. आज डीजेसिटी, बीपीएम सुप्रीम यांसारखे पूल म्हणजे दरमहा वर्गणी घेऊन फाइली उतरवू देणाऱ्या सेवा आहेत. या प्रवासात सभासदाची पारख सैल झाली. अनेक ठिकाणी चालू बँक कार्ड एवढीच पात्रता पुरते. लेखी अभिप्रायाची जागाही तारांकनाने आणि डाउनलोडच्या आकड्याने घेतली. सोय वाढली हे खरे, पण त्यामुळे आपण गाणी विकत घेतली आहेत असा समज बळावला, आणि तुमच्या सहकाऱ्याचा प्रस्ताव याच समजातून आला आहे, असे मला वाटते.

त्या प्रस्तावाला माझे उत्तर स्पष्ट नकार असे आहे. पूलचे सभासदत्व व्यक्तीला दिलेले असते आणि खाते इतरांबरोबर वाटून वापरू नये, अशी अट बहुतेक पूलच्या करारात असते. दोन ठिकाणांहून एकच खाते वापरले जात आहे हे सेवेला सहज कळते, आणि खाते बंद झाले तर दोघांचीही सोय एकाच दिवशी संपते. शिवाय प्रकाशनापूर्वी दिल्या जाणाऱ्या काही प्रोमो फाइलींमध्ये कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते, जिच्यावरून ती फाइल मुळात कोणाला दिली होती हे शोधता येते. तुमच्या सहकाऱ्याच्या नावाची फाइल तुमच्याकडून तिसऱ्याकडे आणि तिथून चव्हाट्यावर गेली, तर विश्वास त्याच्यावरचा उडेल. अर्ध्या वर्गणीच्या बचतीसाठी ही जोखीम दोघांनीही घेऊ नये.

कायद्याच्या प्रश्नात दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. फाइल तुमच्याकडे रीतसर आली का, हा एक प्रश्न; आणि ती लोकांसमोर वाजवण्याची परवानगी आहे का, हा दुसरा. अधिकृतपणे लेबलांकडून संगीत घेणारा पूल पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो : व्यावसायिक कामासाठी त्या फाइलची प्रत बाळगण्याची आणि वापरण्याची मुभा तुम्हाला मिळते. सार्वजनिक वादनाचा परवाना मात्र वेगळा असतो. तो गीतकार, संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाचे मालक यांच्या वतीने हक्कसंस्था देतात, आणि सर्वसाधारणपणे तो क्लबचालकाने किंवा कार्यक्रमाच्या आयोजकाने घ्यायचा असतो. काही देशांत प्रती करून वाजवणाऱ्या डीजेलाही निराळा परवाना लागतो, म्हणून तुमच्या देशातील हक्कसंस्थेकडे एकदा लेखी विचारणा करा. शनिवारच्या क्लबचा प्रश्न चालकाने बहुधा आधीच सोडवलेला असतो. खासगी कार्यक्रमांत मात्र ही जबाबदारी कोणाची, हे ठरवणारे एक कलम तुमच्या कामाच्या करारात असलेच पाहिजे.

पूलची वर्गणी भरली म्हणून त्या गाण्यांचा मिक्स ध्वनिमुद्रित करून सार्वजनिक करण्याचा हक्क मिळत नाही. मिक्स ऐकवण्यासाठी असलेल्या मिक्सक्लाउडसारख्या सेवांनी हक्कधारकांशी यासाठी करार केलेले आहेत; इतरत्र ठेवलेला मिक्स स्वयंचलित तपासणीत अडकून बंद होऊ शकतो. त्याचप्रमाणे काही पूलमध्ये सभासदांनी किंवा पूलच्या संपादकांनी तयार केलेले मॅशअप (दोन गाणी एकत्र करून केलेले) आणि रिमिक्स असतात, आणि त्या प्रत्येकाला मूळ हक्कधारकाची संमती असेलच असे नाही. असे एडिट (फेरबदल केलेली गाणी) अधिकृत रिमिक्सपासून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले, तर मिक्स मुद्रित करताना घोटाळा होत नाही.

प्रोमो प्रती पुढे विकण्याबद्दल अमेरिकेत एक लक्षणीय खटला झाला होता. न मागता टपालाने पाठवलेल्या प्रोमो सीडींवर 'विक्रीसाठी नाही' असे छापले म्हणून त्यांची मालकी लेबलाकडे राहत नाही, असा निकाल तेथील नवव्या विभागीय अपील न्यायालयाने २०११ मध्ये दिला. मात्र त्याचा आधार घेऊन कोणी फाइली विकू पाहत असेल, तर त्याने तो निकाल नीट वाचलेला नाही. तो विषय टपालाने आलेल्या वस्तूचा होता. पूलमधून फाइल उतरवताना तुम्ही अटी मान्य करता, आणि त्या अटी तुम्हाला बांधून ठेवतात.

आता निवडीकडे येऊ. जाहिरातीत पूल आपल्या साठ्याचा आकडा पुढे करतात. त्याकडे साफ दुर्लक्ष करा. तुमच्या अलीकडच्या दोन-तीन कार्यक्रमांच्या ट्रॅकलिस्ट, म्हणजे वाजवलेल्या गाण्यांच्या याद्या, समोर ठेवा आणि त्यातली प्रत्येक नोंद त्या पूलमध्ये शोधा. किती गाणी सापडली, ती प्रकाशनानंतर किती दिवसांनी आली, आणि तुम्हाला हवे असलेले रूप उपलब्ध होते का, ही तपासणी कोणत्याही शिफारशीपेक्षा खरे चित्र दाखवते. रूपाचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा आहे, कारण कामावर असलेला डीजे पूलला पैसे देतो ते मुख्यत्वे त्याचसाठी. विक्रीला आलेले गाणे अनेकदा पहिल्याच क्षणी गायकाच्या आवाजाने सुरू होते आणि शेवटी विरत जाते. पूलमध्ये त्याच गाण्याचा इंट्रो एडिट मिळतो, ज्याच्या आरंभी आणि शेवटी केवळ तालाच्या काही मात्रा जोडलेल्या असतात, म्हणजे मागच्या गाण्यातून पुढच्यात जायला जागा मिळते. अपशब्द काढलेले क्लीन आणि मूळ शब्दांचे डर्टी, केवळ आवाजाचे अकापेला, केवळ वाद्यांचे इन्स्ट्रुमेंटल, लवकर मुखड्यावर येणारा छोटा एडिट, एका गतीतून दुसऱ्या गतीत नेणारा ट्रान्झिशन, अशी एकाच गाण्याची अनेक रूपे शेजारी शेजारी ठेवलेली असतात. तुम्ही लग्ने आणि कंपन्यांचे कार्यक्रम करता, म्हणून क्लीन रूपे सातत्याने देणारा पूल तुमच्या अधिक उपयोगाचा आहे. तरीही क्लीन लिहिलेले गाणे एकदा पूर्ण ऐकल्याशिवाय वाजवू नका. शब्द काढलेला असतो, आशय तसाच असतो, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आजीआजोबांना आशय कळतो.

संगीतप्रकाराचा मेळही पाहावा लागतो. सगळ्या प्रकारचे लोकप्रिय संगीत एकाच रात्रीत वाजवणाऱ्या डीजेला मोठे पूल उत्तम पुरतात. हाउस, टेक्नो किंवा तशाच एखाद्या बारीक प्रवाहात रमणाऱ्याला त्यांतून फारसे हाती लागत नाही. त्याचे संगीत छोट्या लेबलांच्या प्रोमो याद्यांतून, बीटपोर्टसारख्या दुकानांतून किंवा बॅंडकॅम्पवर थेट कलाकाराकडून येते. तुमच्या श्रोत्यांना ज्या भाषेतील गाणी लागतात ती पूलमध्ये नसतील, तर तेवढी खरेदी चालूच ठेवावी लागेल, आणि खर्चाचा हिशेब करताना ती धरा. एका वेळी एकच पूल, एकच महिना, असा प्रयोग करून पाहा. वार्षिक वर्गणीत सूट मिळते म्हणून पहिल्याच दिवशी वर्षभराचे पैसे भरू नका.

सभासदत्व संपल्यावर आधी घेतलेल्या फाइली वापरता येतात का, हे भरण्यापूर्वी अटींमध्ये वाचा. लेबलाच्या सांगण्यावरून पूल एखादे गाणे काढूनही टाकू शकतो, त्यामुळे पुन्हा लागले तर घेऊ या भरवशावर न राहता उतरवलेल्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. काम करणाऱ्याकडे फाइल स्वतःची असावी, हा माझा जुना आग्रह आहे. स्पॉटिफायने १ जुलै २०२० पासून इतर कंपन्यांच्या डीजे सॉफ्टवेअरमधील आपली जोडणी बंद केली, तेव्हा तिच्यावर विसंबून याद्या केलेल्यांना नव्याने जमवाजमव करावी लागली. आणि तशाही सर्वसामान्य स्ट्रीमिंग सेवांच्या अटी वैयक्तिक ऐकण्यापुरत्याच असतात.

फाइलच्या दर्जाबद्दल थोडक्यात. पूलमध्ये बहुधा ३२० केबीपीएसची एमपीथ्री मिळते आणि क्लबच्या ध्वनियंत्रणेवर ती चालून जाते. मात्र फाइलवर ३२० लिहिले म्हणजे आत तेवढे असतेच असे नाही. कमी दर्जाची फाइल पुन्हा ३२० मध्ये रूपांतरित करून ठेवलेली असू शकते. स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या एखाद्या मोफत प्रोग्राममध्ये ती उघडली आणि साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर सगळे एकदम कापल्यासारखे दिसले, तर मूळ फाइल १२८ केबीपीएसच्या आसपासची असावी, अशी शंका घ्यायला जागा आहे. टेलिग्रामवरच्या गटांतून पूलच्या नावाने फिरणाऱ्या फाइलींमध्ये असा माल हमखास सापडतो, आणि त्यांना हक्काचा काही आधार नसतो तो निराळाच. पूलने लिहिलेल्या बीपीएम (मिनिटाला पडणारे ठोके) आणि की (गाण्याची पट्टी) यांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. सत्तरचे एकशे चाळीस किंवा त्याच्या उलट लिहिलेले असणे नेहमीचे आहे. बीटग्रिड, म्हणजे ठोक्यांच्या खुणा, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये तपासूनच गाणे क्रेटमध्ये (वाजवायच्या गाण्यांच्या संचात) टाकावे.

मला सर्वाधिक सांगायचे आहे ते यापुढचे. पूल तुमचा पुरवठ्याचा प्रश्न सोडवतो, निवडीचा प्रश्न सोडवत नाही. उलट तो अवघड करून ठेवतो. २०१५ च्या जुलैपासून जगभर शुक्रवार हा प्रकाशनाचा दिवस ठरला आहे, त्यामुळे आठवड्याच्या त्या टोकाला पूलमध्ये गाण्यांची रीघ लागते, आणि उतरवण्यावर अनेकदा मर्यादा नसल्यामुळे सगळे उतरवून ठेवण्याचा मोह होतो. असे केलेल्या डीजेच्या लॅपटॉपमध्ये न ऐकलेल्या गाण्यांचा ढीग साचतो आणि ऐन वेळी तो ओळखीच्याच गाण्यांकडे वळतो. पूलच्या मुखपृष्ठावरची लोकप्रिय यादीही फसवी असते. ती किती डीजेंनी गाणे उतरवले ते मोजते. किती लोक त्यावर नाचले ते तिला माहीत नसते. त्या यादीवर चालणारे सगळे डीजे एकाच इंट्रो एडिटने एकच गाणे सुरू करतात, आणि एका संध्याकाळी दोन डीजे असलेल्या ठिकाणी हे श्रोत्यांच्याही लक्षात येते. तुमची तक्रार अशी, की गाणे तुमच्यापर्यंत येईतो जुने झालेले असते. पूलमुळे ते लवकर येईल, पण त्याच दिवशी इतर सगळ्या सभासदांकडेही येईल. म्हणून आठवड्यातला एक ठरावीक वेळ केवळ ऐकण्यासाठी राखून ठेवा, पुढच्या दोन-तीन कार्यक्रमांत नेमके कुठे वाजवणार हे सांगता येईल तेवढीच गाणी घ्या, आणि यादीच्या खालच्या भागातली, नाव न ऐकलेल्या कलाकारांची गाणीही उघडून पाहा. दुकानातली खरेदी पूर्णपणे थांबवू नका. ज्या गाण्यांमुळे लोक तुमचा सेट ओळखतील, ती बहुधा पूलबाहेरचीच असतील.

राहिला प्रश्न प्रकाशनापूर्वी मिळणाऱ्या संगीताचा. त्यासाठी लेबलांच्या स्वतःच्या प्रोमो याद्या असतात. लेबल किंवा त्याने नेमलेली प्रसिद्धी संस्था इन्फ्लाइट, फॅटड्रॉप यांसारख्या सेवेमार्फत निवडक डीजेंना दुवा पाठवते, बहुतेक वेळा प्रकाशनाच्या काही आठवडे आधी. दुवा उघडून गाणे ऐकता येते, पण अनेकदा गुण आणि अभिप्राय नोंदवल्याशिवाय ते उतरवता येत नाही. कोणी दुवा उघडला, कोणी उतरवले, कोणी काय लिहिले, हे सगळे लेबलाला दिसते, आणि चांगल्या अभिप्रायाचे वाक्य प्रसिद्धीपत्रकात छापले जाते. मोठ्या डीजेंच्या वतीने त्यांचे सहायक 'अमुक यांच्यासाठी उतरवत आहे, धन्यवाद' एवढेच साच्यातले वाक्य लिहून मोकळे होतात. नावाच्या वजनावर त्यांचे ते खपते. तुम्ही मात्र त्यांचे अनुकरण करू नका.

तुमच्या ईमेलना उत्तरे न येण्याचे कारण मी पत्रावरूनच सांगू शकतो : तुम्ही 'अनेक लेबलांना' लिहिले. यादी सांभाळणारा माणूस एकच गोष्ट शोधत असतो, ती म्हणजे हा डीजे आमचे संगीत वाजवेल का, आणि वाजवल्याचे कळवेल का. एकाच मजकुराच्या पत्रात त्याचे उत्तर नसते. त्याऐवजी ज्यांचे संगीत तुम्ही आधीच विकत घेऊन वाजवता अशी तीन-चार छोटी लेबले निवडा. मोठ्या लेबलांच्या मागे आत्ताच लागू नका. त्यांच्या कोणत्या गाण्याने तुमच्या शनिवारच्या सेटमध्ये कोणत्या टप्प्यावर काम केले, हे दोन वाक्यांत लिहा, क्लबचे नाव आणि नियमित वार सांगा, एक खरीखुरी ट्रॅकलिस्ट जोडा, आणि प्रोमो यादीत समावेश व्हावा अशी विनंती करा. महिनाभरात उत्तर आले नाही तर पुढचे प्रकाशन वाजवून पुन्हा लिहा. प्रोमोसाठी वेगळा ईमेल पत्ता ठेवा, म्हणजे कामाच्या पत्रव्यवहारात दुवे हरवणार नाहीत.

यादीत आल्यावर अभिप्राय वेळेवर आणि प्रामाणिक द्या. 'जबरदस्त' या शब्दाने लेबलाला काहीच कळत नाही. 'मध्यरात्रीनंतर वाजवले, मधला संथ भाग लांबल्यामुळे फ्लोअर थोडा रिकामा झाला, दुसरा रिमिक्स जास्त चालला' यावरून पुष्कळ कळते. गाणे तुमच्या कामाचे नसेल तर तसे सौम्यपणे लिहा. प्रत्येक गाण्याला पूर्ण गुण देणाऱ्याचे गुण कोणी मोजत नाही. प्रकाशनाची तारीख येईपर्यंत ते गाणे कोणाला पाठवू नका आणि त्याचा समावेश असलेला मिक्स विचारल्याशिवाय सार्वजनिक करू नका. सतत दुवे न उघडणाऱ्यांची नावे यादीतून गळतात, त्यामुळे झेपतील तेवढ्याच याद्यांत राहा. पूलमधल्या गाण्यांवर अभिप्रायाची जागा असेल तर तीही भरत जा, कारण काही पूल त्या नोंदी लेबलांपर्यंत पोहोचवतात.

सहकाऱ्याला नकार कळवताना एक पर्याय सुचवा : त्याने त्याचा पूल ठेवावा, तुम्ही वेगळ्या धाटणीचा दुसरा घ्यावा, आणि आठवड्यातून एकदा दोघांनी कोणते गाणे चालले त्याची केवळ नावे एकमेकांना सांगावीत. फाइल ज्याची त्याने आपल्या खात्यातून किंवा दुकानातून घ्यावी.